कोयता

कोयता : ऊसतोडीच्या व्यवसायातील एक बोलीसंज्ञा. मूळ अर्थ तोडणी-छाटणीचे लोखंडी हत्यार असा असून ऊसतोड मजुरांच्या व मुकादमांच्या बोलीत त्याचा अर्थ ऊस तोडणारे पति-पत्नीचे जोडपे असा झाला आहे. ‘टोळीत बारा कोयते आहेत’ या वाक्यात बारा हत्यारे अभिप्रेत नसतात, तर चोवीस माणसे अभिप्रेत असतात. बीड जिल्ह्यात या शब्दाचा हा वापर इतका रुळला आहे, की उचल, मजुरी, दंड आणि संप या सर्वांचा हिशेब त्याच्याच आधारे होतो. हत्याराचे नाव माणसाला आणि तेही दोन माणसांना मिळून एक असे का मिळाले, हा प्रश्न केवळ भाषाशास्त्राचा नाही. दक्षिण भारतीय भाषांतील एक जुना धातू, महाराष्ट्रातील साखर कारखानदारी आणि मराठवाड्यातील दुष्काळ यांच्या इतिहासातून त्याचे उत्तर मिळते.

व्युत्पत्ती : कोयता हा शब्द द्राविड भाषांतील ‘कोय्’ या धातूशी संबद्ध आहे. तमिळमध्ये ‘कोय्’ म्हणजे खुडणे, कापणे; मलयाळममध्ये ‘कोय्युक’ म्हणजे पिकाची कापणी करणे आणि ‘कोय्त्तु’ म्हणजे सुगी. कन्नडमध्ये ‘कोय्’ किंवा ‘कुय्’ हे क्रियापद कापणे, खुडणे या अर्थी रोजच्या व्यवहारात असून ‘कोय्लु’ म्हणजे कापणी होय. तेलुगूत ‘कोयु’ हा धातू व ‘कोत’ हे त्यापासून झालेले नाम आहे. तुळू भाषेतही या धातूची रूपे आढळतात. कोकणी ‘कोयतो’, मराठी ‘कोयता’ व ‘कोयती’ आणि गुजराती ‘कोयतो’ ही रूपे दक्षिणेतून उत्तरेकडे पश्चिम किनारा व दख्खनचे पठार यांवर पसरलेल्या एकाच शब्दकुळातील आहेत.

संस्कृतात कापण्याच्या हत्यारास ‘दात्र’ व ‘लवित्र’ असे शब्द आहेत. हिंदीतील ‘दराँती’ हा शब्द दात्रापासून आलेला आहे. शेतीच्या या साध्या हत्याराचे नाव प्रदेशपरत्वे बदलते, ही गोष्ट प्राचीन भाषाकारांच्याही लक्षात आली होती. कापणे या अर्थी ‘दाति’ हे क्रियापद पूर्वेकडील लोकांत चालते, तर उत्तरेकडील लोकांत त्याचे ‘दात्र’ हे नामच तेवढे वापरात आहे, असे यास्काने निरुक्तात नमूद केले असून पतंजलीच्या महाभाष्यातही हेच उदाहरण येते. बोलीभेद दाखविण्यासाठी या दोघा शास्त्रकारांना शेतकऱ्याच्या हातातील हत्यार योग्य वाटले, हे लक्षणीय आहे. मराठीने मात्र या प्रकारच्या हत्याराचे नाव दक्षिणेकडून घेतले. मराठी भाषा द्राविड भाषांच्या सीमेवर वाढली असून शेती, घर व स्वयंपाक यांसंबंधीच्या तिच्या शब्दसंग्रहात असे शब्द पुष्कळ आहेत.

कोकणात व गोव्यात कोयता किंवा कोयती हे घरगुती हत्यार होय. नारळ सोलणे, झावळ्या तोडणे, कवळ तोडणे, कुंपणाच्या काट्या छाटणे अशी अनेक कामे त्याने होतात व शेतकरी ते कमरेला बांधलेल्या आकडीत अडकवून नेतो. देशावर धान्याच्या कापणीसाठी विळा आणि निंदणीसाठी खुरपे वापरले जाते. जाड बुंध्याचा ऊस विळ्याने तुटत नाही. त्यासाठी रुंद पात्याचे, वजनदार व एका घावात तोडणारे हत्यार लागते. त्यामुळे उसाचे क्षेत्र वाढले, तसा देशावर कोयत्याचा वापर वाढला.

कामाचे स्वरूप : हत्याराचे नाव जोडप्याला मिळण्याचे पहिले कारण तोडणीच्या कामाच्या विभागणीत आहे. उसाच्या खालच्या कांड्यांत साखरेचे प्रमाण अधिक असल्याने तो जमिनीलगत तोडावा लागतो. तोडल्यावर पाचट काढणे, शेंड्याकडील वाढे छाटणे, ऊस गोळा करून मोळी बांधणे, मोळी डोक्यावर घेऊन फडाबाहेर नेणे व वाहनात रचणे ही कामे क्रमाने येतात. पुरुषाने तोडावे व स्त्रीने पाचट काढून मोळ्या बांधाव्यात आणि वाहाव्यात, अशी सर्वसाधारण पद्धत आहे. परंतु पुष्कळ ठिकाणी स्त्रियाही तोडणी करतात. तोडलेल्या उसातील साखर वेगाने घटत जाते, म्हणून तो शक्य तो एका दिवसाच्या आत गाळपास पोहोचवावा लागतो. वाहन मध्यरात्री आले, तर मध्यरात्री भरावे लागते. एकट्या माणसाकडून हे चक्र पुरे होत नाही आणि वाहून नेणाऱ्यावाचून तोडणाऱ्याचे काम पडून राहते. म्हणून दोघांचे मिळून एक काम धरले गेले आणि त्या कामाला त्यातील सर्वांत ठळक वस्तूचे नाव मिळाले. एक कोयता दिवसाकाठी साधारणतः दीड ते दोन टन ऊस तोडतो, असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा त्यात तोडणे, सोलणे, बांधणे व वाहणे हे सर्व आलेले असते. जोडप्याबरोबर आलेली मुले पाणी आणणे, वाढे गोळा करणे, धाकट्या भावंडांना सांभाळणे ही कामे करतात. तीही याच शब्दात सामावतात, पण गणतीत येत नाहीत.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : दुसरे कारण मजुरांच्या स्थलांतरात आहे. बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ मध्ये मराठवाड्याबरोबर तो द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्यात आला. जिल्ह्याचा मोठा भाग बालाघाटच्या डोंगररांगेवर व तिच्या उतारांवर असून तो पर्जन्यछायेत मोडतो. गोदावरीकाठची गेवराई व माजलगाव या तालुक्यांतील जमीन काळी व कसदार आहे. परंतु आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज या तालुक्यांतील पुष्कळ गावे हलक्या व मुरमाड जमिनीवर वसलेली आहेत. तेथे खरिपाचे एक पीक निघाल्यावर दिवाळीनंतर हाताला काम उरत नाही.

याच सुमारास शेजारच्या अहमदनगर (सध्याच्या अहिल्यानगर) जिल्ह्यात प्रवरेच्या कालव्यांवर उसाचे क्षेत्र वाढत होते. विठ्ठलराव विखे पाटील व अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने लोणी येथे स्थापन झालेल्या सहकारी साखर कारखान्याचे गाळप १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाले. त्यापाठोपाठ पश्चिम महाराष्ट्रात सहकारी कारखान्यांची मालिका उभी राहिली. या कारखान्यांत सभासद शेतकऱ्याच्या उसाची तोडणी व वाहतूक यांची व्यवस्था कारखान्याने करण्याची पद्धत पडली आणि दर हंगामात पाच ते सहा महिन्यांसाठी हजारो तोडणी मजुरांची गरज निर्माण झाली. बागायती गावांतील स्थानिक मजुरांना इतर कामे उपलब्ध होती. दूरच्या कोरडवाहू भागातून आलेला मजूर मात्र हंगाम संपेपर्यंत फड सोडून जात नसे. बीडबरोबरच पाथर्डी, जामखेड, जालना, परभणी या भागांतूनही मजूर जाऊ लागले. १९७२-७३ च्या भीषण दुष्काळाने ही वाट रुंद केली. अल्पभूधारक शेतकरी, भूमिहीन, बैलांवरील मालवाहतुकीचा जुना व्यवसाय मागे पडलेले बंजारा, वंजारी व दलित समाजांतील कुटुंबे, असे विविध थरांतील लोक या कामात आले. पुढे बीड जिल्ह्यातही कारखाने निघाले. परंतु हंगामी स्थलांतर थांबले नाही. दसऱ्यानंतर गावे रिकामी होतात, वृद्ध माणसे व काही शाळकरी मुले मागे राहतात आणि गुढीपाडव्याच्या आसपास किंवा त्यानंतर माणसे परततात, हा क्रम अनेक दशके चालू आहे.

हिशेबाचे एकक : कारखाना मजुराशी थेट करार करीत नाही. तो वाहनमालकाशी किंवा मुकादमाशी करार करतो, मुकादम टोळी जमवितो आणि टोळी कोयत्यांत मोजली जाते. ‘मुकादम’ हा शब्द अरबी ‘मुकद्दम’ (पुढे ठेवलेला, अग्रणी) यापासून आला आहे. दख्खनच्या मुसलमानी राजवटींतील व मराठेशाहीतील कागदपत्रांत ‘मोकदम’ हा गावच्या पाटलाचा वाचक आहे. ब्रिटिश अमदानीत गोदी, रस्ते, नगरपालिका अशा ठिकाणच्या मजुरांवरील देखरेख्याला हा शब्द लागू झाला. गावाच्या वतीने सरकारला सारा पोहोचविणारा मोकदम आणि टोळीच्या वतीने कारखान्याला श्रम पोहोचविणारा मुकादम यांच्या कामांत साम्य आहे. दोघेही मधले आहेत आणि समूहाची जबाबदारी एका व्यक्तीच्या नावावर घेतात. मुकादमाला टोळीच्या कामावर ठराविक टक्के कमिशन मिळते.

मुकादम हंगामापूर्वी कोयत्याला जी आगाऊ रक्कम देतो, तिला ‘उचल’ म्हणतात. अलीकडच्या काळात ती एका कोयत्यास पन्नास हजारांपासून लाख रुपयांपर्यंत व त्याहूनही अधिक असते. हंगामभर केलेल्या कामाच्या मजुरीतून ती ‘फिटते’. फिटली नाही, तर उरलेली ‘बाकी’ पुढील हंगामाच्या उचलीत मिळविली जाते आणि कोयता त्याच मुकादमाकडे बांधला जातो. ‘उचल’ हे ‘उचलणे’ या क्रियापदापासून झालेले साधे नाम आहे. परंतु त्याचा व्यवहारातील अर्थ कर्ज व करार असा दुहेरी आहे. त्याच क्रियापदापासून झालेला ‘उचल्या’ हा शब्द भुरट्या चोरास लावला जातो.

उचल कोयत्याला मिळते, एकट्या माणसाला नाही. विधवा, विधुर, अविवाहित किंवा जोडीदार आजारी असलेला मजूर एकटाच कामास आला, तर त्याला ‘अर्धा कोयता’ म्हणतात व उचलही निम्मी मिळते. संपूर्ण माणूस हा निम्मा ठरतो, तो केवळ या शब्दाच्या हिशेबात. या हिशेबाचे सामाजिक परिणाम दूरगामी झाले. मुलाचे लग्न झाले, की घरात एक पूर्ण कोयता वाढतो; मागे गावी ठेवलेल्या मुलीच्या सुरक्षिततेची चिंता असते. या दोन्ही कारणांनी ऊसतोडीच्या पट्ट्यात अल्पवयीन विवाहांना बळ मिळाले आहे.

कामाचा दिवस चुकला, तर त्यास ‘खाडा’ म्हणतात. मराठीत शाळेतील किंवा नोकरीतील गैरहजेरीलाही खाडा म्हणतात; मात्र फडावरील खाड्याला दंड असतो. जोडप्यातील एकजण आजारी पडला, तरी कोयता मोडतो. त्यामुळे दंड दोघांच्या हिशेबात जमा होतो.

या बोलीतील इतर संज्ञाही अशाच वस्तुवाचक आहेत. स्वतःची बैलगाडी घेऊन येणाऱ्यांचे ‘गाडी सेंटर’, कारखान्याने दिलेल्या रबरी चाकांच्या बैलगाडीने वाहतूक करणाऱ्यांचे ‘टायर सेंटर’ आणि मोळ्या डोक्यावर वाहून ट्रक किंवा ट्रॅक्टर भरणाऱ्यांचे ‘डोकी सेंटर’ असे प्रकार पडतात. माणसाची ओळख त्याच्या वाहनावरून होते आणि वाहन नसेल, तेथे डोक्यावरून होते. पाचटाने शाकारलेल्या त्यांच्या तात्पुरत्या झोपडीस ‘कोपी’ म्हणतात.

प्रादेशिक प्रसार व अर्थांतरे : जोडपे या अर्थी कोयता हा शब्द महाराष्ट्रापुरता मर्यादित नाही. दक्षिण गुजरातेतील बारडोली भागातील साखर कारखान्यांवर खानदेशातून मजूर नेले जात. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकात या मजुरांचा अभ्यास केला. त्यांच्या १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखनात कोयता हे मजुरांचे कामाचे एकक म्हणून नोंदविले आहे. तोडणारा पुरुष, सोलणारी व बांधणारी स्त्री आणि पुष्कळदा सोबतचे मूल असे त्याचे वर्णन आहे. म्हणजे त्या काळापर्यंत हा अर्थ राज्याच्या सीमेपलीकडेही स्थिरावला होता.

बीडचे मजूर कर्नाटकातील बेळगाव, बागलकोट, विजापूर या भागांतील कारखान्यांवरही जातात. ज्या भाषाकुळातून कोयता हा शब्द मराठीत आला, त्याच कुळातील कन्नडच्या प्रदेशात तो अशा रीतीने परत गेला. जाताना त्याचा अर्थ कापणी असा होता. परतताना त्यात उचल घेतलेले जोडपे हा अर्थ भरलेला होता.

मजुरांच्या चळवळीनेही हाच शब्द स्वीकारला. मजुरीच्या दरवाढीसाठी हंगामाच्या तोंडावर पुकारलेल्या संपास ‘कोयता बंद’ म्हणतात. बबनराव ढाकणे, गोपीनाथ मुंडे (१९४९–२०१४) आदी नेत्यांच्या काळात ऊसतोड मजुरांच्या संघटना व साखर संघ यांच्यात वाटाघाटी होऊन ठराविक वर्षांसाठी दर ठरविण्याची प्रथा पडली. जानेवारी २०२४ मध्ये झालेल्या समझोत्यात तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मान्य करण्यात आली. एरवी ज्या शब्दाने मजूर मोजला जातो, तोच शब्द येथे त्याच्या सामूहिक शक्तीचा वाचक होतो. ‘कोयता चालू’ व ‘कोयता बंद’ यांत हत्यार, माणूस व काम हे तीनही अर्थ एकत्र येतात.

याच शब्दाला शहरात निराळे वळण मिळाले. २०२२-२३ च्या सुमारास पुण्यात कोयते घेऊन दहशत माजविणाऱ्या तरुणांच्या टोळ्यांना वृत्तपत्रांनी ‘कोयता गँग’ हे नाव दिले आणि ते राज्यभर प्रचलित झाले. ‘टोळी’ आणि ‘कोयता’ हे दोन्ही शब्द ऊसतोडीच्या बोलीत श्रमाचे वाचक आहेत, तर शहरी बातमीत ते गुन्ह्याचे वाचक बनले. शहरी वाचकास कोयता या शब्दाचा प्रथम परिचय पुष्कळदा या दुसऱ्याच अर्थाने होतो.

अन्य भाषांतील समांतर संज्ञा : साधनावरून माणसाची गणना करण्याची रीत जुनी व सार्वत्रिक आहे. मराठीत ‘चार औतांचा शेतकरी’, ‘शंभर उंबऱ्यांचे गाव’, ‘चूलबंद आमंत्रण’ असे प्रयोग रूढ आहेत. मध्ययुगीन यूरोपात ‘लान्स’ म्हणजे भाला, हे सरदार व त्याच्या सोबतचे हुजरे व तिरंदाज यांच्या पथकाचे नाव होते; म्हणजे तेथेही एका शस्त्राच्या नावात अनेक माणसे सामावत. पुढील काळात यूरोपीय सैन्यांत पायदळाची गणती संगिनींत व घोडदळाची तलवारींत होई. इंग्रजीत कारखान्यातील कामगारास ‘हँड’ म्हणजे हात असे म्हटले जाई. चार्ल्स डिकन्सने हार्ड टाइम्स (१८५४) या कादंबरीत या शब्दावर उपरोधाने टीका केली आहे. कामगारांना केवळ हात असते, तर काही लोकांना ते अधिक आवडले असते, असा तिचा आशय आहे.

ऊस हे पीक जेथे जेथे गेले, तेथे तेथे मजुरांसाठी अशा संज्ञा तयार झाल्या. क्यूबात ऊसतोड्याला ‘माचेतेरो’ म्हणतात. ‘माचेते’ हे तेथील कोयत्याचे नाव आहे. मात्र माचेतेरो हा एक माणूस असतो, जोडपे नव्हे. ब्राझीलमध्ये रोजंदारीवरील शेतमजुरास, विशेषतः ऊसतोड्यास, ‘बोया-फ्रिया’ म्हणजे ‘थंड जेवण’ असे म्हणतात. पहाटे घरून आणलेला डबा दुपारी फडात थंडच खावा लागतो, यावरून ते नाव पडले. तेथे मजूर गोळा करून देणाऱ्या मध्यस्थास ‘गातो’ म्हणजे ‘मांजर’ असे बोलीत म्हटले जाते. पेरूच्या किनाऱ्यावरील उसाच्या मळ्यांसाठी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व विसाव्या शतकाच्या आरंभी डोंगराळ भागातील लोकांना आगाऊ रक्कम देऊन आणीत. या पद्धतीला ‘एन्गांचे’ असे नाव होते. त्याच्या मुळाशी आकडा किंवा गळ या अर्थाचा स्पॅनिश शब्द आहे. मराठीत मजूर रक्कम उचलतो, तर पेरूच्या बोलीत रक्कम मजुराला गळाला लावते. व्यवहार एकच असून एका शब्दात तो घेणाऱ्याच्या बाजूने, तर दुसऱ्यात त्याला पकडणाऱ्याच्या बाजूने पाहिला आहे.

भारतात ‘दादन’ हा शब्द या संदर्भात उल्लेखनीय आहे. फार्सीत ‘दादन’ म्हणजे देणे. बंगालमध्ये विणकरांना दिल्या जाणाऱ्या आगाऊ रकमेचा तो वाचक झाला आणि ओडिशात आगाऊ रक्कम घेऊन परमुलखात जाणाऱ्या मजुरालाच ‘दादन’ मजूर म्हणू लागले. मॉरिशस, फिजी इ. वसाहतींतील उसाच्या मळ्यांवर करारबद्ध होऊन गेलेल्या भारतीयांनी इंग्रजी ‘ॲग्रीमेंट’ या शब्दाचे ‘गिरमिट’ केले व स्वतःला गिरमिटिया म्हणवून घेतले. मॉरिशसला गेलेल्यांत मराठी कुटुंबेही होती. हत्यार, अवयव, जेवण, आगाऊ रक्कम वा करार यांपैकी कशाचे तरी नाव माणसास मिळते, हे या सर्वांतील साम्य होय. कोयता या शब्दाचे वेगळेपण असे, की त्यात दोन व्यक्ती एक होतात आणि त्या पति-पत्नी असतात.

शब्दाचे परिणाम : या वेगळेपणामुळे स्त्रीचे श्रम हिशेबातून नाहीसे झाले. उचलीचा व्यवहार बहुधा पुरुषाशी होतो, नोंद त्याच्या नावे राहते आणि हंगामाअखेरचा हिशेबही त्याच्याशीच केला जातो. स्त्री-पुरुषांना समान कामासाठी समान वेतन देण्याचा कायदा १९७६ मध्ये संमत झाला. परंतु दोघांचे वेतन वेगवेगळे नोंदविले असेल, तरच त्यांची तुलना करता येते. कोयत्याच्या हिशेबात अशी वेगळी नोंदच नसते. पहाटे उठून स्वयंपाक करणे, दिवसभर मोळ्या वाहणे व रात्री वाहन भरणे ही स्त्रीची कामे कोयत्यात येतात, पण तिची मजुरी किती, या प्रश्नास हिशेबाच्या वहीत उत्तर सापडत नाही.

आरोग्याच्या संदर्भात ही गोष्ट अधिक गंभीर ठरली. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांत गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण मोठे असल्याच्या बातम्या आल्यावर २०१९ मध्ये राज्य शासनाने विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळी जिल्ह्यात करण्यात आलेल्या सर्वेक्षणात सुमारे ८२ हजार स्त्रियांची माहिती घेण्यात आली. त्यांपैकी तेरा हजारांहून अधिक स्त्रियांची अशी शस्त्रक्रिया झालेली होती. फडावर शौचालय व पुरेसे पाणी नसणे, जड ओझी वाहणे, अल्पवयातील विवाह व लवकर आलेली बाळंतपणे, किरकोळ तक्रारीवरही शस्त्रक्रियेचा मिळणारा सल्ला अशी कारणे यामागे आहेत. त्यांत खाड्याच्या भीतीचाही वाटा आहे. मासिक पाळीत किंवा आजारपणात घेतलेली विश्रांती ही एका स्त्रीची रजा ठरत नाही, तर संपूर्ण कोयत्याचा खाडा ठरते. दोघांची उचल त्यामुळे मागे पडते. दोन माणसांना एक धरणाऱ्या शब्दाचा भार अशा रीतीने एकीच्या शरीरावर पडला.

व्यक्तिशः नोंदणी : ऊसतोड मजुरांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने कल्याण महामंडळ स्थापन झाले असून त्यांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा यांच्या नावाची शासकीय वसतिगृह योजना सुरू करण्यात आली आहे. ग्रामपंचायत पातळीवर मजुरांची नोंदणी करून त्यांना ओळखपत्रे देण्याचा निर्णय २०२१ मध्ये झाला. या उपाययोजनांतील ओळखपत्राचा मुद्दा प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. कारण ओळखपत्र कोयत्याला देता येत नाही, ते नाव असलेल्या माणसालाच द्यावे लागते. स्त्रियांच्या संघटनांनीही पत्नीच्या श्रमाची स्वतंत्र नोंद व्हावी आणि मजुरी तिच्या खात्यात जमा व्हावी, अशी मागणी केली आहे. अलीकडे ऊसतोडणी यंत्रांचा वापर वाढू लागला असून त्यामुळे काही भागांत कोयत्यांची मागणी घटत आहे. तथापि लहान व चिखलाच्या फडांत, तसेच अरुंद सऱ्यांत यंत्र चालविणे अवघड असल्याने तोडणीचे पुष्कळ काम अजून माणसेच करतात. मुकादमाच्या वहीत त्यांची नोंद आजही कोयता या एकाच शब्दाने होते.